पिढीयान

दुसऱ्या ताऱ्याकडे शतकानुशतके प्रवास करणारे आणि ज्यात माणसांच्या अनेक पिढ्या जन्मतील व मरतील, असे संकल्पित अंतराळयान. निघालेले लोक पोहोचत नाहीत, त्यांचे वंशज पोहोचतात. रशियन शास्त्रज्ञ कॉन्स्टँटिन त्सिओल्कोव्हस्की यांनी १९२८ मध्ये ही कल्पना मांडली होती.

सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा प्रॉक्झिमा सेंटॉरी ४.२४ प्रकाशवर्षे दूर आहे. सूर्यमालेबाहेर निघालेल्या व्हॉयेजर-१ या मानवरहित यानाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे १७ किलोमीटरने, तिथे जायला जवळजवळ ७५,००० वर्षे लागतील. प्रकाशाच्या एक टक्का वेग साधला, तरी सव्वाचारशे वर्षे, म्हणजे साधारण सतरा पिढ्या. शिवाय पोहोचल्यावर थांबण्यासाठीही इंधन लागते, हे बऱ्याचदा हिशेबात धरलेच जात नाही.

इंजिनाची चर्चा खूप होते. पण खरी अडचण बंदिस्त जागेत हवा, पाणी आणि अन्नाचे चक्र अखंड चालू ठेवण्याची आहे. अमेरिकेतील ॲरिझोनात ‘बायोस्फिअर-२’ या सुमारे सव्वातीन एकरांच्या काचबंद वास्तूत १९९१ ते १९९३ अशी दोन वर्षे आठ जण राहिले. आतल्या हवेतील प्राणवायू २१ टक्क्यांवरून १४ टक्क्यांच्या आसपास उतरला. सुपीक मातीतले जीवाणू तो वापरत होते आणि त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड वनस्पतींना मिळण्याआधीच काँक्रीट शोषून घेत होते. शेवटी प्राणवायू बाहेरून सोडावा लागला. यानाला असे ‘बाहेर’ नसते. म्हणून कोणत्याही आराखड्यापेक्षा हा प्रयोग अधिक शिकवून जातो.

किती माणसे न्यावीत, यावर एकमत नाही. २०१८ मधील एका संगणकीय अभ्यासाने जन्मांचे काटेकोर नियोजन केल्यास ९८ जण पुरतील असे म्हटले. मानवशास्त्रज्ञ कॅमेरॉन स्मिथ यांनी २०१४ मध्ये १४,००० ते ४४,००० हा आकडा सुचवला होता. साथीचा रोग किंवा मोठा अपघात गृहीत धरला, तर मोठा आकडाच शहाणपणाचा वाटतो.

वाटेत जन्मणाऱ्या मुलांची संमती हा नैतिक प्रश्न अनुत्तरित आहे. त्यांनी हा प्रवास निवडलेला नसतो आणि त्यांना परतही फिरता येत नाही. कोणी किती मुले होऊ द्यायची, हेही त्यांच्यासाठी आधीच ठरलेले असू शकते.