धबधबा चढणारा पेराएवढा मासा

मिरगाचा पहिला दमदार पाऊस झाला की आमच्याकडे पूर्व विदर्भात एक व्हिडिओ हमखास फिरतो. धानाच्या बांधीत घोट्याएवढं पाणी, त्यात तडफडणारे मासे आणि खाली मजकूर : ‘आभाळातून माशांचा पाऊस’. यंदाच्या मजकुराला शेपूटही होतं, हा देवाचा कौल आहे, दहा जणांना पाठवा.

आभाळातून पडले असते तर निम्मे मासे कवेलूंवर आणि गोठ्याच्या टिनांवर सापडले असते. सापडतात ते फक्त पाण्याच्या वाटेवर. सांडव्याखाली, नाल्याच्या तोंडाशी, धुरा फुटला असेल तिथे. तलाव-बोड्या भरून वाहू लागल्या की मासे अंडी घालायला धारेच्या उलट निघतात, एवढंच. मांगूर आणि मरळ हवेतूनही श्वास घेतात, त्यामुळे ओल्या गवतातून थोडं सरपटणंही त्यांना जमतं. चढणीचे मासे कुठे अडवायचे हे ढीवरांच्या पोरांनाही ठाऊक असतं. त्यांना कौल लागत नाही.

पण चढण्यातला खरा वस्ताद पाहायचा तर हवाई बेटांवर जावं लागेल. तिथल्या ओढ्यांत गोबी कुळातले छोटे मासे राहतात. स्थानिक लोक त्यांना ओओपू म्हणतात. या कुळातले मासे आपल्या नद्यांतही आहेत, पण ते वाळूवर पोट टेकून बसणारे. हवाईतल्या काही जातींची दोन-अडीच सेंटिमीटरची पिल्लं मात्र उभा धबधबा चढतात. लेंटिपेस कॉनकलर ही जात अकाका धबधब्याच्या वरच्या ओढ्यातही आढळते, आणि अकाकाची उंची आहे सुमारे 135 मीटर. म्हणजे साडेपाच फुटी माणसाने नऊ किलोमीटर उभं चढण्यासारखं, तेही डोक्यावर पाणी कोसळत असताना.

हे जमतं कसं? गोबींचे पोटाखालचे दोन पर जुळून त्यांची वाटी झालेली असते. वाटीची कड ओल्या खडकावर टेकते, स्नायू तिचा तळ किंचित वर उचलतात आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो. मग बाहेरचा दाब माशाला खडकावर दाबून धरतो. आपल्याला वाटतं वाटी खडकाला ओढून धरते. प्रत्यक्षात बाहेरून ढकललं जातं. इथे लहान असणं फायद्याचं. लांबी दुप्पट झाली तर वाटीचं क्षेत्रफळ चौपट होतं, वजन मात्र आठपट.

चिकटून राहणं एक, वर सरकणं दुसरं. लेंटिपेस बाजूचे पर फटकारून, अंग वळवून एक झेप घेतो, पुन्हा चिकटतो आणि दम खात बसतो. सिसिऑप्टेरस स्टिम्पसोनाय या जातीची तऱ्हा वेगळी आहे, आणि माझा जीव तिच्यावर. याला दुसरी वाटी आहे : तोंड. पोटाची वाटी घट्ट ठेवून तो वरचा जबडा पुढे काढतो, ओठ खडकावर चिकटवतो. मग पोटाची वाटी सोडून अंग वर घेतो, ती चिकटवतो, तोंड सोडतो. थेट जळूची चाल. झेप नाही, घाई नाही. पण थांबणंही फार नाही.

हे तोंड जन्मतः असं नसतं. अंड्यातून निघालेली पिल्लं प्रवाहासोबत समुद्रात वाहून जातात. काही दिवसांत खारं पाणी मिळालं नाही तर मरतात. समुद्रात काही महिने सूक्ष्मजीव खाऊन ती परत ओढ्याच्या मुखाशी येतात, तेव्हा त्यांचं तोंड थुतरीच्या टोकाला असतं. गोड्या पाण्यात शिरताच सुमारे दोन दिवसांत कवटीची ठेवण बदलते, वरचा ओठ वाढतो, तोंड खाली सरकतं. याच तोंडाने तो पुढे खडकावरचं शेवाळ खरवडून खातो. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खाताना आणि चढताना जबड्याच्या हालचाली जवळपास सारख्या असल्याचं दिसलं. आधी काय आलं, खरवडणं की चढणं, हे त्यावरून ठरत नाही. तरी ‘निसर्गाने खास चढण्यासाठी घडवलेलं तोंड’ अशी वाक्यं बिनदिक्कत लिहिली जातात.

एवढा खटाटोप कशासाठी? खालच्या पाण्यात एलिओट्रिस हा शिकारी मासा ही पिल्लं गिळायला टपलेला असतो. त्याचे पोटाखालचे पर जुळलेले नसतात, म्हणून धबधबा त्याला चढता येत नाही. वर गेलं की सुटका.

मात्र या सगळ्याला ओढा समुद्रापर्यंत वाहता लागतो. एकोणिसाव्या शतकापासून हवाईत उसाच्या मळ्यांसाठी ओढ्यांचं पाणी पाट काढून वळवलं गेलं. खालचं पात्र कोरडं पडलं, की पिल्लांचं समुद्रात जाणंही बंद आणि परत येणंही. 2018 साली तिथल्या जल आयोगाने पूर्व माउईतल्या अनेक ओढ्यांना पाणी परत द्यायचा आदेश दिला. ही पिल्लं सालमन माशासारखी जन्माचाच ओढा शोधत येत नाहीत. समुद्रात सगळ्यांची सरमिसळ होते. त्यामुळे वाहता झालेल्या ओढ्यात दुसरीकडे जन्मलेली पिल्लंही चढून येऊ शकतात.