समाजमिती : वर्गातली नाती मोजायची पद्धत

समाजमिती म्हणजे गटातल्या लोकांनाच विचारून, कोण कोणाला जवळचं मानतं, कोण कोणाला टाळतं आणि कोणाचं नाव कुणालाच सुचत नाही हे कागदावर मांडायची पद्धत. इंग्रजी नाव सोशिओमेट्री, आणि त्यातून जे चित्र निघतं ते सोशिओग्राम, मराठी पुस्तकांत समाजालेख. तुरुंग, कारखाने, हॉस्टेल, सैन्य सगळीकडे वापरून झालीय, पण सगळ्यात जास्त रुळली ती शाळेत, कारण चाळीस-पन्नास मुलं वर्षभर एकाच खोलीत असतात आणि त्यांना एकत्र आणलेलं असतं फक्त हजेरीपटाने. आपल्याकडे बीएडच्या लोकांना हा शब्द ऐकला की प्रॅक्टिकलची फाईल आठवते, कंपासने काढलेली गोल गोल वर्तुळं आणि लाल-निळ्या पेनाचे बाण. आमच्या बॅचमध्ये तर निम्म्या लोकांनी ते बाण आदल्या रात्री मनानेच मारले होते, मीही त्यातलीच, आणि वर्तुळं छान आली म्हणून मार्कही बरे पडले.

ही पद्धत जेकब लेव्ही मोरेनो या मनोविकारतज्ज्ञाची. जन्म १८८९चा, बुखारेस्टचा, शिक्षण व्हिएन्नात. पहिल्या महायुद्धात व्हिएन्नाजवळ मिटर्नडॉर्फला निर्वासितांची छावणी होती तिथे तो काम करायचा. कोणाशेजारी कोणाला ठेवलंय यावर तिथली बरीचशी भांडणं अवलंबून आहेत हे त्याच्या लक्षात आलं, आणि माणसं आपापल्या ओढीप्रमाणे शेजारी ठेवली तर कटकटी कमी होतील असं त्याने सरकारला कळवलंही होतं. १९२५ला तो अमेरिकेत गेला. सायकोड्रामा, म्हणजे नाटकातून उपचार, हाही त्याचाच. १९३४ला त्याचं ‘हू शॅल सर्व्हाइव्ह?’ आलं आणि १९३७पासून ‘सोशिओमेट्री’ नावाचं नियतकालिकच सुरू झालं. या कामात हेलन हॉल जेनिंग्ज या बाईंचा मोठा वाटा होता, शाळांमध्ये हे तंत्र पोचवलं ते मुख्यतः त्यांनी, पण आमच्या नोट्समध्ये त्यांचं नाव शोधूनही सापडलं नसतं.

मोरेनोचा शाळेतला गाजलेला प्रयोग न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या पब्लिक स्कूल १८१ मधला. बालवर्गापासून आठवीपर्यंत प्रत्येक वर्गाला विचारलं, आत्ता तुम्ही बाईंनी सांगितलंय तिथे बसलायत, तुम्हाला शेजारी कोण हवंय, पहिल्या पसंतीचं कोण आणि दुसऱ्या पसंतीचं कोण. आणि सोबत हेही सांगितलं की पुढच्या सत्रात यातलं कुणी खरंच शेजारी बसायला मिळू शकतं. सगळी गोम या शेवटच्या वाक्यात आहे. तुझा बेस्ट फ्रेंड कोण असं नुसतं हवेत विचारलं तर पोरं काहीही लिहितात, ज्याचं नाव लिहिल्यावर आपण भारी दिसू त्याचं लिहितात. पण जागा खरोखर बदलणार म्हटल्यावर विचार करून लिहितात. मोरेनोच्या हिशेबात खरा प्रसंग आणि उत्तराप्रमाणे खरी कृती या दोन गोष्टी नसतील तर ती समाजमितीच नव्हे, फार तर अर्धवट चौकशी. त्या हिशेबाने आपल्या प्रॅक्टिकलच्या बहुतेक फायली बादच.

त्या शाळेत दोन गोष्टी दिसल्या ज्या आजही कुठल्याही शिक्षकाला ओळखीच्या वाटतील. लहान वर्गांत मुलं मुलींना आणि मुली मुलांना बिनधास्त निवडतात, चौथीच्या आसपास ते जवळजवळ बंदच होतं, आणि पुढे आठवीकडे जाताना पुन्हा थोडं सुरू होतं. दुसरी गोष्ट जरा टोचणारी. वर्गात सगळ्यात हवंहवंसं मूल कोण आणि नकोसं कोण याचा अंदाज बाईंना आधी विचारला होता. बालवर्गात तो बऱ्यापैकी जुळला, वर वर जावं तसा चुकत गेला. म्हणजे मुलं मोठी होतात तसा त्यांचा आपसातला कारभार आपल्या नजरेआड जातो, आणि आपण मात्र ‘मला माझा वर्ग पाठ आहे’ म्हणत असतो.

दुसरं प्रसिद्ध काम न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावातल्या मुलींच्या सुधारगृहातलं. तिथे ५००च्या आसपास मुली वेगवेगळ्या कॉटेजमध्ये राहायच्या. १९३२मध्ये दोन आठवड्यांत १४ मुली पळाल्या, आणि इतका आकडा तिथे कधी होत नसे. मोरेनो आणि जेनिंग्ज यांनी कोण कोणाला निवडतं याचे नकाशे काढलेले होते, त्यावर पाहिलं तर पळालेल्या मुली एकमेकींशी बाणांच्या साखळीने जोडलेल्या निघाल्या, वेगवेगळ्या कॉटेजमधल्या असूनही. जेवणाच्या टेबलांचाही प्रयोग तिथलाच. वाट्टेल तिथे बसा म्हटलं की सगळ्या दोन-चार आवडत्या मुलींच्या टेबलावर गर्दी करणार, आणि बाईंनी बसवलं की तोंडं फुगणार. मग प्रत्येकीच्या पसंत्या घेऊन शक्य तितक्या जुळवून टेबलं लावली. एप्रिल १९३३मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने या नकाशांची बातमी छापली, भावनांचा नवा भूगोल अशा थाटात. आज सोशल नेटवर्क अॅनालिसिस, म्हणजे कोण कोणाशी जोडलेलं आहे याचा अभ्यास, म्हणून जे ठिपके आणि रेघा दिसतात त्यांच्या खापरपणज्या या.

वर्गात करायची रीत अगदी साधी आहे. मुलं एकमेकांना पुरती ओळखायला हवीत, म्हणजे जूनमध्ये करून उपयोग नाही, दिवाळीच्या आसपास ठीक. प्रश्न एक किंवा दोनच आणि तेही होणाऱ्या गोष्टीबद्दल: सहलीला बसमध्ये शेजारी कोण, विज्ञानाच्या प्रकल्पात गटात कोण. हे दोन वेगळे विचारायचे कारण उत्तरं वेगळी येतात, प्रकल्पाला हुशार पोरगी हवी असते आणि बसमध्ये गाणी म्हणणारी. दोन किंवा तीन पसंत्या, चिठ्ठीवर, शेजाऱ्याला न दाखवता, आणि त्या दिवशी गैरहजर कोण याची यादी सगळ्यात आधी. परीक्षा हा शब्द तोंडातून काढायचा नाही.

मग तक्ता. डावीकडे निवडणाऱ्यांचे हजेरी क्रमांक, वर आडव्या ओळीत निवडलेल्यांचे, आणि खान्यात १, २, ३ अशी पसंती. हजेरीपटावर आधी मुलगे आणि मग मुली असतील तर पाचवी-सहावीच्या तक्त्यात एक मजा दिसते, चार चौकोनांतले दोन आकड्यांनी भरलेले आणि उरलेले दोन जवळजवळ कोरे. वर्गात मधून भिंत घातल्यासारखं. उभ्या रकान्यातले भरलेले खाने मोजले की कोणाला किती जणांनी निवडलं ते कळतं, आणि ७ने १२ला व १२ने ७ला निवडलं असेल तर ती परस्पर निवड, तिथे गोल करायचा.

आकड्यांचं एक भान मात्र ठेवावं लागतं जे पुस्तकांत फारसं सांगत नाहीत. समजा वर्ग ४० जणांचा आणि प्रत्येकाला ३ पसंत्या, म्हणजे एकूण १२० निवडी, सरासरी प्रत्येकाला ३. आता कुणी मनापासून न निवडता नुसत्या चिठ्ठ्या टाकून नावं लिहिली असती तरी सरासरी ४-५ परस्पर जोड्या आपोआप पडल्या असत्या आणि एक-दोन मुलांना एकही मत नसतं मिळालं. त्यामुळे रिकामा रकाना दिसला की लगेच पालकांना बोलावणं हा आततायीपणा. परस्पर जोड्या १५-२० निघाल्या तर समजायचं की वर्ग खरंच एकमेकांत विणलेला आहे, आणि रिकामे रकाने सहा-सात निघाले तर मग काहीतरी बिनसलंय.

तक्त्यावरून सोशिओग्राम काढतात. मुलगा त्रिकोण, मुलगी वर्तुळ, निवडीला बाण, परस्पर निवडीला दोन्हीकडे टोकं. ज्याच्याकडे बाणांची गर्दी तो तारा. ज्याच्याकडे एकही बाण येत नाही तो एकाकी, मग त्याने स्वतः तीन नावं का लिहिली असेनात. तिघं एकमेकांना निवडतात तो त्रिकोण, अ ब ला, ब क ला, क ड ला ही साखळी, आणि आपसातच निवडून बाहेर बघतच नाही तो कंपू. चाळीस मुलांचे १२० बाण एका पानावर काढले की शेवयाच होतात, म्हणून १९४०मध्ये टोरांटोच्या मेरी नॉर्थवे यांनी नेमबाजीच्या फळ्यासारखी एकात एक वर्तुळं सुचवली, जास्त निवडलेले मध्यात आणि कमी निवडलेले कडेला. हे चित्र वाचायला खूप सोपं जातं. हल्ली कॉम्प्युटर मिनिटात काढून देतो, पण हाताने एकदा काढावा, कोणाचा बाण कुठे जातोय हे बोटांना कळतं.

सगळ्यात नाजूक मुद्दा म्हणजे ‘कोण नको’ हे विचारायचं का. विचारलं नाही तर दुर्लक्षित आणि नाकारलेलं यातला फरकच कळत नाही, दोघांचेही रकाने रिकामे. १९८२मध्ये कोई, डॉज आणि कोपोटेली या अमेरिकन संशोधकांनी आवडतं आणि नावडतं दोन्ही मतं धरून मुलांचे प्रकार पाडले, लोकप्रिय, नाकारलेली, दुर्लक्षित, वादग्रस्त आणि उरलेली मधली. वादग्रस्त म्हणजे ज्याच्यावर निम्मा वर्ग जीव टाकतो आणि निम्मा दात खातो, असा एक नमुना प्रत्येक तुकडीत असतोच. पुढच्या अभ्यासांत दिसत गेलं की दुर्लक्षित मूल पुढच्या वर्षी वर्ग बदलला की बऱ्याचदा मिसळून जातं, नाकारलेलं मूल मात्र नव्या वर्गातही नाकारलं जाण्याची शक्यता जास्त, म्हणून खरी काळजी त्याची. तरीपण वर्गशिक्षकाने ‘कोण नको’ लेखी मागू नये असं माझं मत. चिठ्ठ्या गुप्त असल्या तरी मधल्या सुट्टीत ‘तू कोणाचं लिहिलंस’ हे चालूच होतं. त्याऐवजी वर्गाची सगळी यादी देऊन प्रत्येक नावापुढे ‘याच्याबरोबर खेळायला किती आवडेल’ याचे १ ते ५ मार्क द्यायला लावायचे हा बरा मार्ग, त्यात कोणालाच बोट दाखवावं लागत नाही.

शेजारची आणखी एक पद्धत ‘ओळखा कोण’ची, हार्टशोर्न, मे आणि मॅलर यांनी १९२९मध्ये आणलेली. ‘हा सगळ्यांना मदत करतो’, ‘हा सारखा भांडण उकरून काढतो’ अशी वाक्यं देऊन मुलांनी नावं लिहायची. यातून प्रतिमा कळते, नातं नाही. लोकप्रिय समजलं जाणारं मूल आणि खरंच आवडणारं मूल हे दोन वेगळे असू शकतात, वरच्या वर्गांत तर बऱ्याचदा असतातच. दरारा असतो, माया नसते.

सोशिओग्राम हा एका दिवसाचा फोटो आहे, पोरांचं आज कट्टी उद्या बट्टी. शिवाय तो वर्गाच्या चार भिंतींतला. वर्गात एकाकी दिसणाऱ्या पोराचा जिवलग मित्र दुसऱ्या तुकडीत किंवा वाडीवर असू शकतो. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली मुलं दिवाळीनंतर आईबापांबरोबर कारखान्यावर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात, त्यांचा रकाना रिकामा निघाला तर तो स्वभावाचा दोष नाही, ती पोरं त्या फोटोत नव्हतीच. आणि चित्र सांगतं फक्त ‘कोण कोणाला’, ‘का’ ते सांगत नाही. कंपू जातीवरून पडलाय, आळीवरून पडलाय, शिष्यवृत्तीच्या जादा तासावरून पडलाय की क्रिकेटच्या बॅटवरून, हे डबे उघडतात तेव्हा व्हरांड्यात उभं राहूनच कळतं. कोण कोणाच्या डब्यातलं खातं हीसुद्धा समाजमितीच, बिनकागदाची.

चिठ्ठ्या घेतल्यानंतर जागा लावायच्या त्याची जेनिंग्ज यांची रीत अशी की सुरुवात ताऱ्यापासून नाही, ज्याला कोणीच निवडलं नाही त्याच्यापासून करायची. त्याची पहिली पसंती त्याला द्यायची, मग एक-दोन मतं मिळालेल्यांची पाळी, परस्पर जोड्या शक्यतो तोडायच्या नाहीत, आणि ताऱ्यांना सगळ्यात शेवटी बसवायचं, त्यांचं कुठेही जमतं. प्रत्येकाची किमान एक पसंती पुरी व्हायला हवी, तसं कबूल केलेलं असतं. चिठ्ठ्या स्टाफरूमच्या टेबलावर राहू द्यायच्या नाहीत. मग दीड-दोन महिने जाऊ द्यायचे आणि तोच प्रश्न पुन्हा विचारायचा.