लाईट गेल्यावरही टिकणारा ब्राउझर: लिनक्सवरची तुलना

लाईट गेल्यावर लॅपटॉपवर व्हिडिओ चालू असेल, तर बॅटरी किती टिकणार हे बऱ्याच अंशी एका गोष्टीवर ठरतं: तो व्हिडिओ उलगडायचं काम प्रोसेसर करतोय की ग्राफिक्स चिप. देवगड-मालवणकडे पावसाळ्यात वीज अधूनमधून जातेच, आणि मग मुलांचे ऑनलाइन तास मोबाईलच्या हॉटस्पॉटवर चालतात. म्हणून जुन्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्सचा उबुंटू किंवा मिंट हा प्रकार असेल, तर ब्राउझरची तुलना इथूनच सुरू करावी. पान अर्धा सेकंद आधी उघडलं की नाही, ते नंतर.

फायरफॉक्सने लिनक्सवर व्हिडिओ ग्राफिक्स चिपकडून उलगडून घेण्याची सोय इंटेल ग्राफिक्ससाठी ११५व्या आवृत्तीपासून (२०२३) आपोआप चालू केली, एएमडीसाठी १३६व्या आवृत्तीपासून (२०२५). क्रोममध्ये आणि तो ज्यावर बेतलेला आहे त्या क्रोमियममध्ये ती ग्राफिक्सच्या ड्रायव्हरनुसार कधी चालते, कधी नाही. गृहीत धरू नका, तपासा. फायरफॉक्सच्या पत्त्याच्या पट्टीत रोमन अक्षरांत ‘अबाउट:सपोर्ट’ टाईप करा आणि खाली ‘मीडिया’ विभागात कोडेकचा (व्हिडिओ दाबून साठवण्याच्या प्रकारांचा) तक्ता पाहा. कुठला प्रकार हार्डवेअर उलगडतं ते तिथे ओळीनिशी दिसतं. क्रोममध्ये ‘क्रोम://जीपीयू’ उघडून ‘व्हिडिओ डिकोड’समोर ‘हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेटेड’ आहे का ते बघा.

सगळं ठीक दिसूनही पंखा घोंघावत राहिला, तर कारण बहुधा व्हिडिओच्या प्रकारात असतं. यूट्यूब बहुतेकदा व्हीपी९ किंवा एव्ही१ हे नवे कोडेक पाठवतं. इंटेलच्या चौथ्या पिढीच्या चिपला एच.२६४ हा जुना कोडेक झेपतो, व्हीपी९ नाही. व्हीपी९ची पूर्ण सोय सातव्या पिढीपासून आली, एव्ही१ची अकराव्या. चिपला न झेपणारा व्हिडिओ मुकाट्याने प्रोसेसरवर येऊन पडतो आणि बॅटरी भराभर उतरते. उपाय म्हणजे यूट्यूबकडे फक्त एच.२६४ मागणारं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचं छोटं पूरक साधन. पण तेवढ्याच स्पष्टतेसाठी एच.२६४ जास्त डेटा खातं, तेव्हा हॉटस्पॉटवर असाल तर सोबत ४८०पी वर या. फळ्यावरचं लिखाण त्यात सहसा वाचता येतं.

मेमरीची तुलना बरेच जण चुकीची करतात. २०१८मध्ये स्पेक्टर हा प्रोसेसरमधला दोष उघड झाला, आणि एका साईटने दुसरीची माहिती वाचू नये म्हणून क्रोमने ६७व्या आवृत्तीत प्रत्येक साईटला वेगळी प्रोसेस (स्वतंत्र चालणारा प्रोग्रॅम) दिली. फायरफॉक्सने तेच २०२१मध्ये केलं. या प्रोसेस मेमरीचा काही भाग सामाईक वापरतात. सिस्टिम मॉनिटरमधले आकडे नुसते बेरजेत धरले की तो भाग पुन्हा पुन्हा मोजला जातो. ‘एसमेम’ या साधनातला ‘पीएसएस’ स्तंभ तो वाटून दाखवतो. बेरीज त्याचीच करा. दोन्ही ब्राउझरमध्ये नवं प्रोफाईल, त्याच साईट, तेवढेच टॅब, आणि मोजण्याआधी पाच मिनिटं थांबणं, एवढं पाळलं तर तुलना खरी.

फाल्कन नावाचा ब्राउझर दिसायला हलका आहे, पण आत क्रोमियमचंच इंजिन असल्याने जड साईट तिथेही जडच राहते. माझ्या मते ४ जीबी रॅमवर फायरफॉक्स आणि जाहिराती अडवणारं युब्लॉक ओरिजिन हे एक्स्टेन्शन, हीच जोडी घ्यावी. जाहिराती अडवल्या की मेमरी वाचते आणि डेटाही. क्रोमने २०२५मध्ये जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शन बंद केली, त्यामुळे तिथे आता युब्लॉकची ‘लाइट’ आवृत्तीच मिळते. टॅबवर उजवी क्लिक करून तो ‘अनलोड’ करण्याची, म्हणजे बंद न करता मेमरीतून काढण्याची, सोय फायरफॉक्स १४०पासून आहे. मात्र रेंज कमी असेल तर हवं ते पान अनलोड करू नका. परत उघडताना ते नव्याने उतरवावं लागतं.

उबुंटूवर आणखी एक अडचण आहे. २२.०४ या आवृत्तीपासून तिथला फायरफॉक्स स्नॅप या पॅकेज-प्रकारात येतो. तो बंदिस्त वातावरणात चालतो, त्यामुळे ई-सेवा केंद्रात डिजिटल सहीचा यूएसबी टोकन लावला तरी त्याचा ड्रायव्हर ब्राउझरला बहुतेकदा सापडत नाही. अशा ठिकाणी फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्या स्वतःच्या भांडारातलं डेब (उबुंटूचा नेहमीचा, बंदिस्त नसलेला प्रकार) पॅकेज बसवावं. स्नॅपच ठेवायचा असेल तर ध्यानात असू द्या की तो दिवसातून चार वेळा अपडेट शोधतो आणि हॉटस्पॉटचा डेटा त्यात जातो. टर्मिनलमध्ये रोमन अक्षरांत ‘सुडो स्नॅप रिफ्रेश --होल्ड’ दिलं की आपोआपचे अपडेट थांबतात. मग वायफाय आलं की ‘सुडो स्नॅप रिफ्रेश’ हाताने चालवा, कारण सुरक्षेच्या दुरुस्त्या त्यातूनच येतात.