झीगेनबाल्गची पुस्तकं: छापली ती वेगळी, कपाटात पडून राहिली ती वेगळी

भारतातल्या ख्रिस्ती छपाईचा विषय निघाला की आपण एकतर गोव्याच्या जेझुइट या कॅथलिक संघाच्या पाद्र्यांवर जातो, म्हणजे फादर स्टीफन्सचं 1616 चं ख्रिस्तपुराण वगैरे, नाहीतर थेट विल्यम कॅरी आणि बंगालमधल्या श्रीरामपूरवर उडी मारतो. मधला एवढा मोठा काळ खुशाल गाळून टाकतो. त्या मधल्या काळात तमिळ किनाऱ्यावर बार्थोलोमेउस झीगेनबाल्ग नावाचा एक जर्मन पाद्री होऊन गेला, प्रोटेस्टंट, वयानं एकदम तरुण, आणि त्याच्या पुस्तकांची गोष्ट मला त्याच्या धर्मकार्यापेक्षा जास्त इंटरेस्टिंग वाटते.

आधी थोडं बॅकग्राउंड. जन्म 1682, जर्मनीतल्या सॅक्सनीत पुल्सनिट्झ नावाचं गाव. शिकला हाले शहरात, आउगुस्ट हेरमान फ्रांके यांच्या हाताखाली. हे फ्रांके म्हणजे तेव्हाच्या पायटिस्ट चळवळीतलं, म्हणजे वैयक्तिक भक्तीवर भर देणाऱ्या प्रोटेस्टंट चळवळीतलं फार मोठं नाव, अनाथाश्रम, शाळा, छापखाना, औषधालय असा सगळा पसारा त्यांनी उभा केला होता. डेन्मार्कचा राजा चौथा फ्रेडरिक याला आपल्या भारतातल्या वसाहतीत मिशनरी पाठवायचे होते, डेन्मार्कात माणसं मिळेनात, मग हालेच्या गोटातून झीगेनबाल्ग आणि प्ल्यूटशाऊ असे दोघं निघाले आणि जुलै 1706 मध्ये ट्रॅन्कबारला उतरले, म्हणजे आजचं तरंगंबाडी.

हे ट्रॅन्कबार डॅनिश लोकांनी 1620 मध्ये तंजावरच्या नायकांकडून मिळवलेलं, पण झीगेनबाल्ग आला तोपर्यंत तंजावरला भोसले बसले होते, व्यंकोजीराजांचा मुलगा शहाजी गादीवर, आणि डॅनिश कंपनी तंजावरच्या दरबाराला दरवर्षी पैसे भरत होती. म्हणजे आपला हा पाद्री किल्ल्याच्या हद्दीबाहेर पडला की मराठ्यांच्या राज्यात. 1709 मध्ये त्यानं आत जायचा प्रयत्न केला पण वाटेतूनच परत फिरावं लागलं. आणि किल्ल्याच्या आतही काही फार लाड नव्हते बरं का, डॅनिश कमांडंट हासियस आणि त्याचं इतकं फाटलं की त्यानं याला चार महिने कोठडीत टाकला.

भाषा शिकायला त्यानं एका म्हाताऱ्या तमिळ पंतोजींना पोरांसकट शाळा आपल्याच घरी भरवायला सांगितली आणि पोरांच्या शेजारी बसून वाळूत बोटानं अक्षरं गिरवली. अलेप्पा नावाचा एक दुभाषी पगारावर ठेवला, त्याला पोर्तुगीज यायची, जर्मन यायची. मग ताडपत्रांची खरेदी सुरू. 1708 मध्ये त्यानं जमवलेल्या तमिळ पुस्तकांची यादी केली, शंभराच्या वर ग्रंथ, प्रत्येकाखाली दोन शब्द माहिती. दोन वर्षांपूर्वी ज्याला एक अक्षर येत नव्हतं त्या माणसाचं हे काम! त्याच वर्षी तीन तमिळ नीतिग्रंथांचं जर्मन भाषांतर, आणि ऑक्टोबरात नव्या कराराचं, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागाचं, तमिळ भाषांतर हातात घेतलं, ते 1711 च्या मार्चमध्ये पूर्ण.

आता छापणार कशावर? इथं इंग्लंड येतं. त्याची पत्रं 1709 मध्ये लंडनला इंग्रजीत छापली गेली, ती वाचून एसपीसीके ही तिथली ख्रिस्ती ज्ञानप्रसारक संस्था हलली आणि तिनं एक छापखाना, कागद आणि सोबत एक मुद्रक असं जहाजावर चढवून दिलं. ते जहाज वाटेत ब्राझीलला फ्रेंचांच्या तावडीत सापडलं, खंडणी भरून सुटलं, पुढे आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला केपच्या आसपास मुद्रकच वारला. यंत्र आलं 1712 मध्ये, चालवायला माणूस नाही. शेवटी कंपनीच्या एका जर्मन शिपायाला छपाई येते असं निघालं आणि काम सुरू झालं. तमिळ खिळे, म्हणजे छपाईचे धातूचे ठसे, हालेमध्ये ओतून 1713 मध्ये आले, पण ते एवढे मोठे की अख्खा नवा करार त्यात छापायचा तर कागद पुरणार नाही, मग इथंच लहान खिळे ओतायचं ठरलं. शिसं कुठून आणायचं? तर इंग्लंडहून चीज यायचं त्याच्या शिशाच्या वेष्टनांतून, असं सांगतात. 1714 मध्ये शुभवर्तमानं, 1715 मध्ये पूर्ण नवा करार. कागदाची गिरणीसुद्धा काढली त्यांनी जवळच पोरैयारला. तमिळ छपाई तशी नवी नव्हती, जेझुइटांनी 1578 मध्येच कोल्लमला तमिळ पुस्तक छापलेलं, पण ती परंपरा मध्ये आटली होती.

पुढे तो युरोपला गेला, तिथं 1716 मध्ये हालेत त्याचं लॅटिनमधलं तमिळ व्याकरण छापून आलं, लग्न झालं, परत आला. कोपनहेगनच्या मिशन बोर्डाशी पैशांवरून आणि पद्धतींवरून वाजलं आणि 1719 मध्ये वयाच्या 36 व्या वर्षी गेला. जुन्या कराराचं भाषांतर त्यातल्या रूथच्या पुस्तकापर्यंतच झालं होतं, ते बेंजामिन शुल्ट्झ या मिशनऱ्यानं पुरं केलं.

हे झालं छापलेलं. आता न छापलेलं. 1711 मध्ये त्यानं तमिळ लोकांच्या धर्मावर एक मोठा ग्रंथ लिहिला होता आणि 1713 मध्ये दक्षिणेतल्या देवांची वंशावळ, म्हणजे शिव, विष्णू, त्यांचा परिवार, शिवाय ग्रामदेवता, अय्यनार, मारियम्मा, कोणाची पूजा कशी, सण कुठले, सगळं तपशीलवार आणि स्थानिक लोकांना विचारून. (युरोपात तेव्हा तमिळांना सरसकट मलबारी म्हणत, त्यामुळे त्याच्या पुस्तकांच्या नावात मलबार दिसला तरी केरळ समजू नये.) हस्तलिखितं हालेला पोचली आणि फ्रांकेंनी बाजूला ठेवली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की तुम्हाला तिकडे मूर्तिपूजा संपवायला पाठवलंय, ती युरोपात पसरवायला नाही. स्वतःच्याच मिशनच्या हिशोबानं बघितलं तर त्यांचं लॉजिक चुकीचंही नव्हतं म्हणा, देणगीदारांना देवीच्या जत्रा कोण वाचायला देणार? पण त्यामुळे झालं काय, तर वंशावळ मद्रासला 1867 मध्ये विल्हेल्म गेरमाननं छापली, आणि तो 1711 चा ग्रंथ तर थेट 1926 मध्ये विलेम कालांडमुळे बाहेर आला. आज अभ्यासक त्याचं नाव घेतात ते मुख्यतः या दोन पुस्तकांसाठी.

एक गोष्ट मात्र त्याच्या हयातीत निसटून छापली गेली, ती म्हणजे पत्रं. झीगेनबाल्ग आणि त्याचा सहकारी ग्रुंडलर यांनी तमिळ लोकांना प्रश्न लिहून पाठवले, उत्तरं मागवली आणि ती जर्मनमध्ये करून हालेच्या मिशन रिपोर्टांत छापायला दिली, एकूण 99 पत्रं. लिहिणारे बहुतेक अनामिक, आणि त्यातली बरीच अलेप्पाची असावीत असं काही अभ्यासकांना वाटतं. त्यात लोक बिनधास्त लिहितात की तुमचे ख्रिस्ती गायी खातात, दारू पितात, धड अंघोळ करत नाहीत, मग आम्ही तुमच्या धर्मात का यावं. भाषांतरावर मिशनरी हात फिरला असणार हे धरून चाललं तरी हा सूर काही लपत नाही. झीगेनबाल्ग वाचायचा असेल तर मी तरी व्याकरणाच्या किंवा प्रवचनांच्या नादी न लागता आधी ही पत्रं उघडेन, आणि मग देवांची वंशावळ, निदान त्यातला ग्रामदेवतांचा भाग.