डिस्चार्जच्या कागदानंतर: मेंदूच्या इजेतून वाचलेल्यांच्या निवासी पुनर्वसनाची पार्श्वभूमी

नाशिकमध्ये डोक्याला मार लागलेल्या माणसाचा क्रम बहुतेक ठरलेला असतो. अंबड-सातपूरची रात्रपाळी संपवून दुचाकीवर निघालेला कामगार, निफाड-लासलगावच्या बाजूला मागचा दिवा नसलेल्या ट्रॉलीवर आदळलेला पोरगा, स्लॅबवरून पडलेला मिस्त्री. १०८ ची गाडी येते, सिव्हिल किंवा खासगी हॉस्पिटल गाठलं जातं, सीटी स्कॅन होतो, रात्रीतच ऑपरेशन. मेंदूला फार सूज असेल तर कवटीचा तुकडा काढून बऱ्याचदा पोटाच्या कातडीखाली ठेवतात, गावाकडून फोन आला की नातेवाईक तेच सांगत असतात, "हाड पोटात ठेवलंय." काही आठवड्यांनी डिस्चार्ज मिळतो. नाकात नळी, कधी गळ्यातही, आणि कागदावर शेवटची ओळ: फिजिओथेरपी चालू ठेवा. त्या ओळीच्या पुढे काय, याचा इतिहास जगात शंभरेक वर्षांचा आहे. आपल्याकडे तो तुटक-तुटक आहे.

मुळात असा पेशंट वाचतो, हीच तशी अलीकडची गोष्ट. भारतात मेंदूच्या शस्त्रक्रियेचा पहिला विभाग डॉ. जेकब चांडी यांनी वेल्लोरला १९४९ मध्ये सुरू केला. माणसाच्या डोक्याचा पहिला सीटी स्कॅन लंडनमध्ये १९७१ साली झाला. बेशुद्धी मोजण्याची ग्लासगो पट्टी, म्हणजेच जीसीएस, १९७४ ची; आज आयसीयूबाहेर बसलेली आजीसुद्धा "जीसीएस आठवर आलाय" म्हणते. महाराष्ट्रात १०८ रुग्णवाहिका २०१४ मध्ये धावू लागल्या. या प्रत्येक टप्प्यावर पूर्वी जे दगावले असते असे काहीजण जगले. त्यांच्या पुढच्या तीस-चाळीस वर्षांची सोय मात्र त्या वेगानं झाली नाही.

ही सोय पहिल्यांदा लावली युद्धानं. पहिल्या महायुद्धात डोक्यात गोळी किंवा तोफगोळ्याचा तुकडा घेऊन जगलेले हजारो तरुण जर्मनीत परतले. कुर्ट गोल्डस्टाइन या डॉक्टरानं फ्रँकफर्टमध्ये त्यांच्यासाठी संस्था उभी केली. उपचार, शिकवणी आणि कामाच्या कार्यशाळा तिथे शेजारी-शेजारी होत्या. कारण सरळ होतं: जखम भरली तरी सुतारकाम करणाऱ्याला मापं कळत नव्हती. दुसऱ्या महायुद्धात अलेक्झांडर लुरिया यांनी उरल पर्वताच्या भागात, किसेगाच इथे आरोग्यधामाचं रुग्णालय करून हेच काम केलं, आणि गेलेली क्षमता दुसऱ्या वाटेनं कशी परत बांधायची याची पद्धत बसवली. वाचता येत नसेल तर बोटानं अक्षर गिरवत वाचायचं, असं.

देवळालीकरांना यात ओळखीचं काहीतरी सापडेल. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाच्या आघाडीवरचे जखमी मुंबई बंदरात उतरत आणि त्यांच्यातले पुष्कळ देवळालीच्या लष्करी रुग्णालयात येत. १९१७ मध्ये मुंबईत जायबंदी सैनिकांना हातकाम शिकवणारी क्वीन मेरीज संस्था निघाली आणि पुढे पुण्याजवळ खडकीला आली, १९४४ मध्ये पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र आलं. तुटलेला पाय आणि पुढे मोडलेला मणका, दोन्हींची जबाबदारी लष्करानं घेतली. डोक्यातल्या, बाहेरून न दिसणाऱ्या मोडतोडीसाठी तितकं ठळक दालन काही उघडलं नाही.

जाता जाता एक गोष्ट. १९३५ मध्ये 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून गाजलेला टी. ई. लॉरेन्स मोटरसायकल अपघातात डोक्याला मार लागून गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे न्यूरोसर्जन होते. त्यांनी पुढे लष्करी दुचाकीस्वारांच्या मृत्यूंचा अभ्यास केला आणि १९४१ मध्ये ब्रिटिश सैन्यात हेल्मेट सक्तीचं झालं. नाशिक पोलिसांनी १५ ऑगस्ट २०२१ पासून 'हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही' सुरू केलं तेव्हा पंपांवर झालेल्या हुज्जती आठवतात. मधली ऐंशी वर्षं आपण काय करत होतो, हे विचारायला हवं. २०२२ या एका वर्षात देशात हेल्मेट नसलेले ५०,०२९ दुचाकीवरचे लोक मेले. या आकड्यात मेलेलेच मोजले आहेत; डोक्याला मार लागून जगलेल्यांचा हिशेब असा एका ओळीत कुठे मिळत नाही.

युद्धानंतर वाहनं आली आणि पेशंट बदलला. आता तो सैनिक नव्हता, त्यामुळे सरकार त्याचं देणं लागत नव्हतं. तो घरी गेला. १९७३ च्या युद्धानंतर इस्रायलमध्ये येहुदा बेन-यिशाय यांनी मेंदूला इजा झालेल्या जवानांचा छोटा समुदाय बनवून, रोजचा ठरीव दिनक्रम लावून काम केलं आणि नंतर तीच पद्धत न्यूयॉर्कला नेली. तिथे घरच्यांनाही बोलावून बसवत. इंग्लंडमध्ये सत्तरीच्या दशकाच्या शेवटी नॉर्दम्प्टनला एक निवासी विभाग सुरू झाला, तो अशा लोकांसाठी ज्यांना हॉस्पिटल ठेवून घेत नव्हतं आणि घर झेपवू शकत नव्हतं: मारायला धावणारे, कपडे काढणारे, शिव्या देणारे. इजेतून आलेलं वागणंही शिकवून बदलता येतं, ही तिथली धारणा होती.

पण मला या सगळ्यात मोलाचं वाटतं ते ग्लासगोच्या संशोधकांनी घरच्यांना विचारलेलं. १९८६ मध्ये छापलेल्या त्यांच्या पाहणीत दिसलं की गंभीर इजेनंतर पहिल्या वर्षापेक्षा पाचव्या वर्षी नातेवाइकांवरचा ताण जास्त असतो. आपली सगळी मदत मात्र पहिल्या महिन्यात येते. पाहुणे फळं घेऊन येतात, भिशीतल्या बायका डबा देतात, कंपनीतले लोक वर्गणी काढतात. पाचव्या वर्षी बायको एकटी असते, आणि समोर बसलेला माणूस तिचा नवरा आहे पण तसा वागत नाही. लंगडणं तिला त्रास देत नाही. तो सांगितल्याशिवाय पाणीसुद्धा पीत नाही, मध्येच मुलावर हात उचलतो, दहा मिनिटांपूर्वी जेवलेलं विसरतो. आल्या-गेल्याला वाटतं, "चांगला तर दिसतोय."

म्हणूनच पुढचा धक्का आयांनी आणि जोडीदारांनी दिला. १९७९ मध्ये ब्रिटनमध्ये मेंदूला इजा झालेल्यांसाठी 'हेडवे' ही संघटना निघाली. १९८० मध्ये अमेरिकेत मॅरिलिन स्पिव्हाक या आईनं, अपघातात मेंदूला इजा झालेल्या मुलीसाठी जागा शोधून थकल्यावर, राष्ट्रीय संघटना उभी केली. मेंदूच्या इजेवरचा तिथला संघराज्याचा कायदा १९९६ मध्ये आला.

नाशिकला ही कथा परकी नाही. १९७७ मध्ये रजनी लिमये यांनी स्वतःच्या मुलाच्या निमित्तानं मतिमंद मुलांसाठी प्रबोधिनी सुरू केली. शाळा झाली, मुलं मोठी झाली, मग आमच्यानंतर कोण, हा प्रश्न आला आणि पिंपळगाव बहुला इथे प्रौढ मुलींसाठी 'घरकुल'सारखं निवासी घरही नाशिकजवळच उभं राहिलं. जन्मापासूनच्या अपंगत्वाला शहरानं आईच्या हट्टातून जागा दिली. पस्तिसाव्या वर्षी मेंदूला मार लागलेल्या माणसाच्या मागे मात्र बऱ्याचदा आई म्हातारी असते आणि बायकोला कामावर जावं लागतं. हट्ट करायला वेळ कुणाला आहे?

कुटुंबासकट राहून उपचार घेण्याची कल्पनाही आपल्याकडे बाहेरून आलेली नाही. पन्नाशीच्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात माणसं अपुरी पडत म्हणून डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकले आणि नातेवाइकांना पेशंटबरोबर ठेवून घेतलं. ते राहिले, इतर कुटुंबांशी बोलले, पेशंटला हाताळायला शिकले आणि त्याला घेऊन घरी गेले. वेल्लोरच्या मानसोपचार केंद्रानं हीच रीत कायमची केली. देवळालीच्या कोरड्या हवेत क्षयाच्या रोग्यांसाठी आणि हवापालटासाठी आरोग्यधामं उभी राहिली ती याच प्रदेशात. गाडगे महाराजांच्या दादरच्या धर्मशाळेत कॅन्सरच्या पेशंटचं कुटुंब राहतं. गोदाकाठीही त्यांची धर्मशाळा आहे. खोली, सोबत, स्वयंपाकाला जागा, हे सगळं आपल्याला येतं. त्यात न्यूरोफिजिओ, वाचा उपचार, मानसशास्त्रज्ञ आणि रोजचं वेळापत्रक घातलं की निवासी पुनर्वसनाचा पाया तयार होतो. पेशंटनं स्वतःचा चहा करणं, भिंतीवरच्या फळ्यावर वार-तारीख लिहिणं, वहीत पाहून औषध घेणं, सोबतीला घेऊन बसनं सीबीएसपर्यंत, म्हणजे नाशिकच्या मध्यवर्ती बसस्थानकापर्यंत, जाऊन येणं, हा तिथला अभ्यास. घरच्यांचा अभ्यास वेगळा: तो उचकला की वाद न घालता विषय कसा बदलायचा, उचलताना स्वतःची पाठ कशी सांभाळायची, आणि रविवारी निर्धास्त झोपायचं कसं.

सध्या हे काम घरं नर्सिंग ब्युरोकडून आणलेल्या मावशीच्या किंवा ब्रदरच्या भरवशावर करतात. बारा तासांची पाळी, पगार महिन्याचा, प्रशिक्षण जेमतेम. ज्यांना परवडतं ते काही महिन्यांसाठी पुण्या-मुंबईकडे जातात.

कायदाही इथे अडखळतो. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात ते २१ झाले. अपघातानं झालेली मेंदूची इजा दोन्हीकडे स्वतंत्र नावानं नाही. पाय ओढत असेल तर प्रमाणपत्र हालचालीच्या अपंगत्वाचं, बोलणं गेलं असेल तर वाचेचं. फक्त स्मरणशक्ती आणि स्वभाव गेला असेल तर कुठल्या रकान्यात बसायचं, यावर फेऱ्या सुरू होतात. कोमातल्या सज्ञान माणसाच्या वतीनं बँकेत सही कोण करणार, यालाही सरळ कायदा नसल्यानं कुटुंबांना उच्च न्यायालयाचं दार ठोठवावं लागतं. केरळ उच्च न्यायालयानं २०१९ मध्ये त्यासाठी मार्गदर्शक सूचना घालून दिल्या.

पैशाच्या बाजूनं मे २०२५ मध्ये केंद्राची कॅशलेस योजना आली: रस्ते अपघातातल्या जखमीला दीड लाख रुपयांपर्यंत उपचार, सात दिवस. जीव वाचवायला ती चांगलीच आहे. आठव्या दिवसापासूनचा खर्च अपघात दावा न्यायाधिकरणात भांडून मिळवायचा, आणि तिथे एक आधार कुटुंबांनी वकिलाला आवर्जून दाखवावा. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मेंदूला कायमची इजा झालेल्या एका मुलीच्या प्रकरणात दोन सोबतिणींचा मासिक खर्च धरला आणि एकरकमी अंदाज न करता तो वयानुसार ठरणाऱ्या वर्षांच्या गुणकानं गुणून भरपाईत घातला. दाव्यात 'परिचारक खर्च' हा रकाना मोकळा सोडू नये. घरातली बाईच सांभाळते म्हणून तिथे शून्य लिहिलं जातं, आणि विमा कंपनी त्यावर हरकत घेत नाही.