सुतारकाम आणि कॅबिनेटचं काम: शिकायला निघण्याआधी फरक समजून घ्या

फोंड्यातल्या जुन्या घराला सागवानी दार घडवणारा आणि पर्वरीतल्या फ्लॅटमध्ये मॉड्युलर किचन जोडणारा, दोघांनाही गोव्यात आपण सुतारच म्हणतो. त्यामुळे कुणाच्या हाताखाली राहिल्यावर नेमकं काय येईल, हे शिकणाऱ्या मुलाला कळत नाही. ड्रिल, गुण्या, करवत दोन्हीकडे दिसतात. सामान मात्र वेगळं, हिशेब वेगळा, आणि चूक उघडी पडण्याचा महिनाही वेगळा.

सुतारकाम म्हणजे भरीव लाकूड: सागवान, फणस, मत्ती. कापून, रंधून झालं तरी ते हलायचं थांबत नाही. दमट हवेत रुंदीला फुगतं, कोरड्या दिवसांत आक्रसतं. लांबीत जवळजवळ फरक पडत नाही. एक फूट रुंद सागवानी फळीतला ओलावा ४ टक्क्यांनी वाढला की ती साधारण २ मिलिमीटर फुगते. फळ्या जोडून केलेल्या तीन फुटी दारात तेच ६ मिलिमीटर होतात. एप्रिलमध्ये जेमतेम २ मिलिमीटर फट ठेवून बसवलेलं असं दार जुलैत चौकटीत अडकतं. मग घाईने रंधा मारला जातो आणि जानेवारीत त्याच जागी बोट जाईल एवढी फट दिसते.

यावर जुना उपाय आहे पॅनलचं दार. बाहेरचा सांगाडा कुसू (खोबणीत बसणारी लाकडाची जीभ) आणि खोबणीने घट्ट जोडायचा, सरस तेवढ्याच सांध्यांना लावायचा. मधलं पॅनल, म्हणजे सांगाड्यातली फळी, खोबणीत सुटं ठेवायचं, दोन्ही बाजूंना २-३ मिलिमीटर जागा सोडून. नवशिके नेमकं इथेच चुकतात: पॅनलही चिकटवतात किंवा खिळ्याने ठोकतात. त्याला आक्रसायला वाव उरत नाही, म्हणून ते मधोमध तडकतं.

कॅबिनेटच्या कामात प्लायवूड असतं. त्याचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असल्याने ते रुंदीला फारसं हलत नाही. इथे कसोटी मापाची. प्लायचा पत्रा ८ बाय ४ फुटांचा, म्हणजे २४४० बाय १२२० मिलिमीटर. त्यातून तीन सारख्या पट्ट्या काढायच्या तर ४०६ मिलिमीटर धरून चालत नाही. पातं प्रत्येक कापाला सुमारे ३ मिलिमीटर खातं, म्हणून ४०४ धरा. कॅबिनेटच्या पेटीला १८ मिलिमीटरचं प्लाय, पाठीला ६ किंवा ८. सिंकखालच्या पेटीला आयएस ७१० या भारतीय मानकाचा मरीन प्लाय, म्हणजे पाण्याला टिकणारा प्लाय, घ्या आणि कापलेल्या कडा उघड्या ठेवू नका, कारण पाणी कडेतूनच शिरतं.

शटरला, म्हणजे कॅबिनेटच्या दाराला, फक्त बाहेरून लॅमिनेट (वर चिकटवायचा पातळ सजावटी थर) लावून आत नुसतं प्लाय ठेवणं ही पैसे वाचवण्याची सवय इथल्या पावसात महागात पडते. उघडी बाजू ओलावा घेते, झाकलेली घेत नाही, आणि शटर वाकतं. दोन्ही बाजूंना सारख्या जाडीचं लॅमिनेट हवं. बिजागरीच्या कपाला ३५ मिलिमीटरचं भोक पाडतात. ते कडेपासून एका शटरला ४ आणि शेजारच्याला ६ मिलिमीटरवर पडलं, तर फटी कधीच जुळत नाहीत.

हिशेबात तर बरेच जण फसतात. लाकूड घनफुटात मोजतात: इंचातली रुंदी गुणिले इंचातली जाडी गुणिले फुटांतली लांबी, भागिले १४४. ५ बाय ३ इंचांच्या चौकटीला ७ फुटांचे दोन उभे आणि ४ फुटांचा एक आडवा लागला तर १८ फूट, म्हणजे १.८७५ घनफूट, वर नासधुशीचं वेगळं धरायचं. कॅबिनेटला प्लायचे पत्रे, लॅमिनेट, एजबँड (कडेला लावायची पट्टी), बिजागऱ्या आणि चॅनल (ड्रॉवर सरकवणाऱ्या पट्ट्या) वेगवेगळे मोजावे लागतात. शेजाऱ्याचा चौरस फुटाचा दर ऐकून किचनचा भाव सांगणाऱ्याला ड्रॉवर वाढले की तोटा होतो, कारण चॅनलचा खर्च चौरस फुटात दिसतच नाही.

कुठून सुरुवात करावी? आयटीआयचा सुतारकामाचा ट्रेड एक वर्षाचा आहे आणि आठवी पास मुलांना प्रवेश मिळतो. पटाशीला धार लावणं, रंधा सरळ चालवणं आणि कुसू घट्ट बसवणं आधी शिका. कॅबिनेटचं माप त्यानंतर लवकर हाती येतं. उलट्या क्रमाने आलेल्याला लाकडाची शीर, म्हणजे धाग्यांची दिशा, वाचायची सवय लावणं फार जड जातं. स्वतःचा धंदा करणाऱ्या पारंपरिक सुतारांसाठी सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना आहे. तिच्यात हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत ठरवलेली आहे.

पोटापाण्यासाठी फ्लॅटमधली कॅबिनेटं नियमित मिळतात, आणि चवथीच्या आधी तर हात रिकामा राहत नाही. पण पणजीतल्या फोंतायनसमधल्या जुन्या घरांतली किंवा काचेऐवजी शिंपले बसवलेल्या खिडक्यांची दुरुस्ती करायला भरीव लाकूड कळणारा हातच लागतो. तिथे कुजलेला तुकडाच काढून जुन्या शिरेच्या दिशेने नवा जोडायचा असतो. शीर आडवी ठेवली तर पहिल्याच पावसात सांध्याची रेघ उमटते.