रक्त पातळ व्हायची गोळी चालू म्हणून मेथी-पालक कायमचा बंद? नाही हो

आपल्या लातूर-बीडकडं हे लई वर्षांपासून चालू आहे, वॉर्फरिन किंवा असिट्रॉम सुरू झाली की घरातली मेथी, पालक, करडईची भाजी सगळी बंद. डॉक्टरनी 'भाजी सांभाळून' म्हटलेलं असतं, गावात येईपर्यंत त्याचं 'विष' होतं.

खरं असं की पालेभाजीत व्हिटॅमिन के असतं आणि ही गोळी त्याच्याच विरुद्ध काम करते, म्हणून भाजी एकदम वाढली तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा टेस्टचा आकडा) खाली येतो, एकदम बंद केली तर वर जातो अन् रक्तस्रावाची भीती. रोज साधारण सारखीच खा, डोस त्या हिशोबानं डॉक्टर बसवतात. बहुतेकांचा आयएनआर २ ते ३ मध्ये ठेवतात, हृदयात मेटलचा व्हॉल्व्ह (झडप) बसवलेल्या काहींचा थोडा जास्त.

खर्चाचं म्हणाल तर गोळी स्वस्तच, वॉर्फरिन आवश्यक औषधांच्या यादीत असल्यानं किमतीला सरकारी मर्यादा आहे, पैसा जातो टेस्टला आणि गाडीभाड्याला. म्हणून लोक टेस्ट टाळतात, गोळी एक दिवसाआड घेतात. हे मात्र खरंच धोक्याचं. रक्त पातळ करायच्या नवीन गोळ्यांना आयएनआरची टेस्ट लागत नाही, पण मेटल व्हॉल्व्ह असेल तर त्या चालत नाहीत. आणि गुडघे दुखले की मेडिकलवरून डायक्लोफेनॅक आणता ना, या गोळीसोबत त्यानं रक्तस्रावाची भीती वाढते, भाजीपेक्षा ते बंद करा आधी.